छताची झोळी, गडावरची माकडं आणि पुण्यातली पोथी

मंडळी, छताला रंगीत कापडाची झोळी टांगलेली आणि तिच्यात वटवाघळासारखी उलटी लटकलेली माणसं, असं रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेलं असेल. एरियल योगा म्हणतात त्याला. पुण्या-मुंबईत त्याचे वर्ग चालतात. इनबॉक्समध्ये दोन-तीन जणींनी विचारलं, की नवख्या माणसानं पहिल्या दिवशी गेलं तर काय करायला लावतात? ते सांगतोच. पण त्या रीलखाली ज्या कमेंट असतात त्यांचं आधी बघू. निम्मे म्हणतात, श्रीमंतांचं फॅड. उरलेले म्हणतात, हे तर आमचंच, गोऱ्यांनी चोरलं. दोन्ही बाजूंना अर्धवट माहिती आहे.

झोळीचा हा प्रकार न्यूयॉर्कचा. ख्रिस्तोफर हॅरिसन नावाचा जिम्नॅस्ट आणि नृत्यदिग्दर्शक, त्यानं 2007 साली 'अँटीग्रॅव्हिटी' नावानं तो बाजारात आणला. त्यात योगासनं आहेत, तसा सर्कशीतला झुलाही आहे. हवेतला तो झुला, ट्रॅपीझ, ज्यूल्स लिओतार या फ्रेंच माणसानं 1859 मध्ये पॅरिसला गाजवला होता. पुढे आपले विष्णुपंत छत्रे यांनी कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस बघून स्वतःची देशी सर्कस काढली. म्हणजे कला उचलणं हा एकतर्फी धंदा कधीच नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी जाणारे जथे आपण दरवर्षी बघतो. त्याच गडाशी मल्लखांबाची गोष्ट जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. शेवटी बाळंभट दादा देवधर या तरुणानं तयारीसाठी मुदत मागितली आणि तो वणीच्या गडावर जाऊन बसला. तिथं देवीच्या कृपेनं मारुतीनं त्याला लाकडावरचे डाव शिकवले, असं परंपरा सांगते. दुसरी सांगी अशी, की गडावरच्या माकडांच्या उड्या बघून तो शिकला. मला ही दुसरी जास्त पटते. गडावर गेलेल्या कुणालाही पटेल, तिथली माकडं हातातली प्रसादाची पिशवी कशी नेतात हे ठाऊक असेल तर! बाळंभटानं गुलाबला चीत केलं आणि अलीनं आखाड्यात उतरायचंच टाळलं, असं पुढं सांगतात.

ही गोष्ट हल्ली 'आपले विरुद्ध त्यांचे' अशा चालीवर फॉरवर्ड होते. मालेगावात राहणाऱ्यानं तरी जरा थांबून वाचावी. तालीम हा शब्द अरबी, कुस्ती आणि पहिलवान फारसी, मल्ल आणि आखाडा संस्कृतातून आलेले. एकाच मातीत हे सगळे शब्द लोळत आलेत. तालमीत गेलेल्या कुणालाही विचारा, तिथं भाषेची फाळणी झालेली नाही.

बाळंभटानं मल्लखांब शोधला असंही म्हणता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकातला. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या कसरतीचा उल्लेख आहे. म्हणजे विद्या जुनी, मागे पडलेली. बाळंभटानं ती पुन्हा उभी केली. 1818च्या जूनमध्ये बाजीरावानं इंग्रजांपुढे हात टेकले. आपला भुईकोटही त्याच महिन्यात पडला. पेशवा ब्रह्मावर्तास गेला, आणि मल्लखांबही उत्तरेत रुजला.

झोळीशी खरं नातं आहे ते खांबाचं नाही, दोरीचं. आधी वेत टांगून त्यावर कसरत करायचे. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोर आला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात दोर पकडून वर चढायचं, दोराला गाठ न मारता शरीराभोवतीच तिढे घालून आसनात थांबायचं. मुलींच्या स्पर्धांत हा प्रकार वर्षानुवर्षं मुख्य राहिला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925चं. दादरच्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी.

बरं, हा झाला व्यायाम. यात योग कुठं आला? त्याचं उत्तर पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'हठाभ्यासपद्धति' नावाची पोथी आहे, कपालकुरंटक याच्या नावावरची, बहुधा अठराव्या शतकातली. तिच्यात 112 आसनं दिली आहेत, सहा गटांत. पाठीवर झोपून करायची, पोटावर झोपून करायची, उभ्यानं करायची असे गट आहेत, आणि त्यातला एक आख्खा गट दोरीवरच्या आसनांचा! टांगलेली दोरी धरून पद्मासन घालून हातांनी वर चढा, अशा जातीची आसनं. काही आसनं तर एकदा करून थांबायची नाहीत, पुन्हा पुन्हा करायची, आपल्या दंडांसारखी. जेसन बर्च आणि मार्क सिंगलटन या दोन अभ्यासकांनी 2019 मध्ये या पोथीवर सविस्तर लेख लिहिला. योगी आणि पहिलवान यांच्यात आपण जी भिंत समजतो ती त्या काळी एवढी उंच नसावी, असं ती पोथी बघून वाटतं.

पुढे 1937 साली बी. के. एस. अय्यंगार पुण्यात आले ते कायमचे. भिंतीत हुक ठोकून दोऱ्यांना लटकून आसनं करायची त्यांची पद्धत जगभर गेली. आज परदेशी स्टुडिओत भिंतीला दोऱ्या दिसतात त्या पुण्याहून गेलेल्या. म्हणून 'चोरलं' म्हणायला जीभ वळत नाही. अय्यंगारांनी स्वतः हातात देऊन शिकवलंय ते.

आता पहिला दिवस. झोळी साधारण कमरेच्या उंचीला टांगलेली असते. नवख्याला लगेच उलटं करत नाहीत, करत असतील तर उठून या. आधी कापडावर भार टाकून वाकणं, मग झोक्यासारखं बसणं, एक पाय अडकवून तोल सांभाळणं. उलटं होणं शेवटच्या टप्प्यात, तेही शिकवणाऱ्याचा हात पाठीशी असताना. मांडीच्या वरच्या भागाला आणि काखेत कापड चांगलंच काचतं, दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसतात. घाबरू नका. शेवटी झोळी उघडून तिच्यातच आडवं व्हायचं, लुगड्याच्या झोळीत लेकरू निजवतात तसं. बांगड्या, अंगठ्या, साखळी घरी ठेवा. काख झाकणाऱ्या बाह्या आणि पायघोळ पण अंगासरशी सलवार चालते, त्यामुळे कपड्यांसाठी कुणी अडून राहू नये. जेवून दोन-तीन तास झालेले असावेत. ब्लड प्रेशर, काचबिंदू, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, वारंवार चक्कर, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं व्हायचं नाही.

एक गोष्ट आपल्या गावासाठी मुद्दाम. हे कापड म्हणजे नायलॉनचं ट्रायकॉट, निटिंगचं. आपल्या लूमवर ताणा-बाण्यानं निघतं ते नव्हे. तेव्हा रील बघून घरी साडी किंवा ग्रे कापडाचा तागा बांधून प्रयोग करू नका. आणि त्याहून महत्त्वाचा तो हुक. 70 किलोचा माणूस झटक्यानं खाली आला की हुकावर दुप्पट-तिप्पट ताण येतो. पत्र्याच्या शेडचा अँगल, पंख्याचा हुक, जुन्या स्लॅबमधली गंजकी सळई, यांच्यावर हा ताण टाकायचा नसतो. हुक बीममध्ये आहे का, कुणा इंजिनिअरनं बघितलाय का, खाली जाड गादी आहे का, हे फी विचारायच्या आधी विचारा. फी परवडत नसेल तर दोरीचा मल्लखांब आहेच. सुती दोर, एक भक्कम आधार, खाली गादी आणि शिकवणारा जाणता माणूस लागतो. खेलो इंडियातही मल्लखांबाला जागा मिळाली आहे. आपल्या शाळांच्या मैदानावर मुलींसाठी असा एक दोर टांगायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी येत्या आठवड्यात दोन-चार मुख्याध्यापकांना विचारणार आहे. कुणाच्या घरात जुने मल्लखांबपटू असतील, दोरीवरचे असोत की खांबावरचे, तर नाव-गाव कमेंटमध्ये न टाकता मला मेसेज करा. शिकवायला माणूस लागेल.