वशिला, परीक्षा आणि तेरा वर्षांचा मुलगा

इंग्लंडच्या प्रशासकीय इतिहासात इ. स. १८५४ हे परीक्षांचे वर्ष मानावे लागते. सनदी नोकऱ्या वशिल्याने न देता स्पर्धेने द्याव्यात, असे सांगणारा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील सनदी सेवा खुल्या परीक्षेने भरावी, हे मेकॉलेच्या समितीचे मतही त्याच वर्षातले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, सिलोनमध्ये जन्मलेला जॉन फिशर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा ब्रिटिश नौदलात दाखल झाला. पुढे नौदलप्रमुख झालेल्या या फिशरने आपल्या प्रवेशपरीक्षेची हकिकत सांगून ठेवली आहे. त्याने ख्रिस्ती प्रार्थना लिहून दाखवली, डॉक्टरांसमोर उघड्या अंगाने खुर्चीवरून उडी मारली, आणि उत्तीर्ण झाल्याबद्दल त्याला पेलाभर शेरी मिळाली.

ही हकिकत सहसा गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यातील दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. आपण नौदलात आलो तेव्हा निर्धन आणि निराधार होतो, असे फिशर पुढे आवर्जून सांगत असे. परंतु त्याचे नाव सुचवणारे गृहस्थ होते ॲडमिरल सर विल्यम पार्कर, म्हणजे नेल्सनच्या हाताखालच्या कप्तानांपैकी हयात असलेले अखेरचे. असा शब्द पाठीशी असलेला मुलगा जिथे निराधार ठरतो, तिथे ज्याला कोणाचाच शब्द नाही तो मुलगा परीक्षेच्या खोलीपर्यंत तरी कसा पोहोचणार?

नौदलातील हा वशिला साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. जेन ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये (१८१४) विल्यम प्राइसला लेफ्टनंटपद मिळते ते हेन्री क्रॉफर्डच्या ॲडमिरल काकांच्या शब्दामुळे. ऑस्टेनचे दोन भाऊ नौदलात होते. हा व्यवहार तिला घरातूनच ठाऊक असणार. त्या काळी कप्तान आपल्या ओळखीपाळखीच्या कुटुंबांतील मुले जहाजावर घेई आणि ती तिथेच घडत. अल्पवयीन उमेदवारांसाठी पोर्ट्समथला असलेले सरकारी विद्यालय १८३७ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी, बंद झाले. पुढची वीस वर्षे या मुलांचे शिक्षण जवळजवळ सर्वस्वी जहाजांवरच चालले.

१८५७ मध्ये ‘इलस्ट्रियस’ हे जुने जहाज कॅडेटांच्या शाळेसाठी देण्यात आले. १८५९ मध्ये तिची जागा ‘ब्रिटानिया’ने घेतली आणि १८६३ पासून ही तरंगती शाळा डेव्हनमधील डार्टमथ येथे, डार्ट नदीच्या पात्रात येऊन स्थिरावली. जागा अपुरी पडू लागताच ‘हिंदोस्तान’ नावाचे दुसरे जहाज तिला जोडण्यात आले. १८६९ मध्ये मूळ जहाजाऐवजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे मोठे जहाज आणून त्यालाच ‘ब्रिटानिया’ हे नाव दिले गेले. मुले झोळ्यांत झोपत, आपापल्या पेटीत सामान ठेवत, पहाटे थंड खाऱ्या पाण्यात बुडी मारत. गाठी, शिडे, डोलकाठ्या, त्रिकोणमिती, नौकानयन, फ्रेंच असा त्यांचा अभ्यासक्रम. बाहेर आरमार वाफेचे आणि लोखंडाचे होत चालले होते. इथे मात्र नांगरून ठेवलेल्या लाकडी जहाजावर शिडांचे धडे चालू होते. समुद्रावरचे आयुष्य शिकण्यासाठी आलेली मुले दोन वर्षे नदीच्या पात्रात बांधलेली असत.

प्रवेशपरीक्षा फिशरच्या वेळेइतकी सोपी राहिली नाही. अंकगणिताच्या जोडीला बीजगणित, भूमिती, लॅटिन, फ्रेंच हे विषय आले. काही काळ मर्यादित स्पर्धाही ठेवण्यात आली. ‘मर्यादित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्यांचे नाव आधी सुचवले गेले आहे अशांपुरतीच ती स्पर्धा होती. वशिल्याचे दार काढून टाकले गेले नाही; त्याच्या आत आणखी एक दार बसवले गेले.

या दुसऱ्या दाराच्या किल्ल्या विकत मिळत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ठरावीक विषयांत ठरावीक दिवशी तयार करून देणाऱ्या खाजगी शाळा दक्षिण किनाऱ्यावर भरभराटीला आल्या. स्टबिंग्टन हाउस ही त्यांतील प्रसिद्ध शाळा. पुढे दक्षिण ध्रुवावर पोहोचून परतीच्या वाटेवर मरण पावलेला रॉबर्ट फाल्कन स्कॉट तिथूनच १८८१ मध्ये ‘ब्रिटानिया’वर गेला. घोकंपट्टी आणि हमखास प्रश्न यांवर चालणारे हे ‘क्लास’ आपल्याकडील वाचकाला काही वेगळे समजावून सांगावे लागू नयेत.

क्लासच्या फीनंतर ‘ब्रिटानिया’ची फी होती. शतकाच्या अखेरच्या दशकांत ती वर्षाला ७० पौंड होती. शेतमजुराची वर्षभराची कमाई याहून बरीच कमी असे. मुलगा मिडशिपमन झाला की त्याला दिवसाला एक शिलिंग नऊ पेन्स मिळत. एवढ्यात भागणार नाही म्हणून घरून वर्षाला आणखी ५० पौंड येणे अपेक्षित असे. मजुरांच्या मुलांसाठीही नौदलाची शिक्षणनौका होती, पण ती वेगळी: डेव्हनपोर्टची ‘इम्प्रेग्नेबल’. तिथून खलाशी तयार होत. इंजिन चालवणारे अधिकारी तिसऱ्याच वाटेने येत आणि डोलकाठीखालच्या अधिकाऱ्यांच्या लेखी ते कमी प्रतीचे ठरत.

मे १८७८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचे ‘एच. एम. एस. पिनाफोर’ आले. त्याच्या शेवटी एक खलाशी आणि त्याचा कप्तान यांची जन्मतःच अदलाबदल झाली होती असे उघड होते, आणि तत्क्षणी खलाशी कप्तान होतो, कप्तान खलाशी. कौशल्याचा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रेक्षक हसत होते, त्याच वेळी राणीचे दोन नातू, ॲल्बर्ट व्हिक्टर आणि जॉर्ज, ‘ब्रिटानिया’वर कॅडेट होते. धाकटा पुढे पाचवा जॉर्ज झाला. मोठी मुले आपल्याकडून किनाऱ्यावरचा खाऊ चोरून आणवीत आणि पकडले गेल्यावर शिक्षा आपल्यालाच होई, ही आठवण तो उतारवयातही सांगे. जहाजावर बळ चाले. जहाजावर कोणी यायचे ते मात्र घराणे आणि पैसा ठरवीत.

इतक्या लहान वयाचे समर्थन असे केले जाई की समुद्राची सवय बालपणीच लागावी लागते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु वय जितके कमी, तितका मुलाच्या कर्तृत्वाचा भाग थोडा आणि घराचा भाग मोठा, हेही तितकेच खरे. वयाच्या अटीचे हे सामर्थ्य हिंदी लोकांना त्याच सुमारास कळले. सनदी सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा १८७८ पासून २१ वरून १९ वर आणण्यात आली. परीक्षा खुलीच राहिली, पण लंडनला जाऊन ती देऊ पाहणाऱ्या हिंदी तरुणाची वाट अरुंद झाली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी तिच्याविरुद्ध देशभर दौरा केला तो यासाठीच.

फिशर हे सारे विसरला नव्हता. १९०२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सेल्बोर्न योजनेमागे त्याचाच हात होता. तिच्यामुळे डोलकाठीचे आणि इंजिनाचे अधिकारी एकाच प्रवेशातून येऊ लागले, आणि १९०५ मध्ये डार्टमथच्या टेकडीवर पक्की इमारत उघडली. फी रद्द करून शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, ही त्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. तेराव्या वर्षीचा प्रवेश संपायला दुसरे महायुद्ध उलटावे लागले.

वशिला उघड असतो. त्याला नावे ठेवता येतात. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला मात्र आपण स्वबळावर आलो असे मनापासून वाटते, आणि अनुत्तीर्ण मुलाला आपण कमी पडलो असे. व्हिक्टोरियाकालीन नौदलाने आपल्या दारावर बसवलेली खरी किमया हीच होती. गुणपत्रिका हाती घेणाऱ्या आपणा शिक्षकांना तिचा विसर पडणे परवडणारे नाही.