पाऊस पडल्यानंतर : दख्खनचे दुष्काळ आणि मिशनांचे मदतकार्य

एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात ख्रिस्ती मिशनांचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. लिहिणाऱ्याच्या पक्षानुसार ते वाक्य दोनपैकी एक असते. मिशनरी संकटात देवासारखे धावून आले, हे एक; त्यांनी लोकांच्या भुकेचा फायदा घेऊन त्यांना बाटवले, हे दुसरे. दोन्ही वाक्यांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु दोन्हींची नजर दुष्काळ चालू असतानाच्या दिवसांवरच खिळलेली असते. पाऊस पडला, सरकारी कामे बंद झाली, माणसे गावी परतली, त्यानंतर काय झाले? मिशनांच्या कार्याचे खरे मोल, आणि त्यातला खरा नैतिक पेचही, या प्रश्नाच्या उत्तरात आहे असे मला वाटते.

१८७६चा दुष्काळ अचानक कोसळला नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची गरज पडली आणि दख्खनमध्ये पैसा खेळू लागला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीच्या आशेवर काढलेली कर्जे आणि वाढलेला शेतसारा मात्र कायम राहिला. मे १८७५मध्ये सुप्याला सावकारांची खतपत्रे जाळली गेली व दंग्यांचे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. ज्याच्याकडे आधीच काही उरले नव्हते, अशा समाजावर हा दुष्काळ आला.

सरकारची मदत म्हणजे मुख्यतः कामे : खडी फोडणे, तलाव खणणे, रस्ते आणि लोहमार्ग बांधणे. धोंड-मनमाड हा नगरवरून जाणारा लोहमार्ग अशाच कामांतून उभा राहिला. व्हाइसरॉय लिटनचे दूत सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीला कात्री लावून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असे प्रमाण ठरवले, तेव्हा १८७७च्या आरंभी हजारो मजुरांनी ते नाकारून कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू आकडेवारीनिशी मांडली. पुढे १८८०चा दुष्काळ आयोग आला, दुष्काळसंहिता तयार झाली. या यंत्रणेचे दोष दाखवता येतील, तिचे ऋणही मानता येईल. मात्र तिच्या रचनेतच एक मर्यादा होती. दुष्काळ ही तिच्या लेखी आरंभ आणि शेवट असलेली घटना होती. चांगला पाऊस झाला की कामे बंद, खाते बंद. ज्याला परतायला घर आणि शेत होते त्याची सोय झाली. ज्या मुलांचे आईबाप वाटेत किंवा छावणीत मेले होते, त्यांनी कोठे परतायचे?

इथे मिशनांचा प्रवेश होतो. तो परकी पाहुण्यांचा प्रवेश नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरला १८३१मध्ये आले होते. ‘ज्ञानोदय’ १८४२पासून निघत होते. जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत, मुख्यतः महार-मांग वस्त्यांत, मिशनचे शिक्षक आणि पंतोजी राहत होते. कोणत्या घरात चूल पेटलेली नाही, याची बातमी कलेक्टरच्या कचेरीआधी या पंतोजीला लागे. म्हणून १८९९-१९००चा भीषण दुष्काळ (ज्याला संवत १९५६वरून ‘छप्पन्नचा काळ’ म्हणत) आला तेव्हा मदत पोहोचवण्याचा मार्ग मिशनजवळ तयार होता. १९००मध्ये ‘क्विटो’ हे जहाज न्यूयॉर्कहून मका घेऊन मुंबईला आले. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या तेथील साप्ताहिकाने आपल्या वाचकांना आवाहन करून ही मदत उभी केली होती. तिच्या वाटपात प्रमुख असलेले नगरचे रॉबर्ट ह्यूम जन्माने मुंबईकरच. सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ सुवर्णपदक दिले.

धान्य संपले, मुले मात्र उरली. त्यांना दोन महिने जेवू घालणे वेगळे आणि पंधरा वर्षे वाढवणे वेगळे. मिशनांनी हे दुसरे काम पत्करले आणि तेथून त्यांच्या मदतीचे स्वरूपच पालटले. अनाथालयाला शाळा जोडावी लागली, शाळेला कारखाना. नगरला सुतारकाम, धातुकाम, विणकाम शिकवले जाऊ लागले. डी. सी. चर्चिल हा अभियंता विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आला आणि त्याने सुधारित हातमाग घडवला. ज्याच्या जातीने त्याला गावकीच्या कामाशी बांधले होते, असा मुलगा मागावर बसून रोख मजुरी मिळवू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण या व्यवस्थेची किंमतही होती. खर्च परदेशातील देणगीदारांवर अवलंबून असल्याने मुलांच्या हाडांच्या सापळ्यांची छायाचित्रे तेथील नियतकालिकांत छापली जात. दया उत्पन्न करण्यासाठी माणसाचे दैन्य मांडावे लागते, आणि मांडले की त्या माणसाची ओळख त्या दैन्यापुरतीच उरते.

या सगळ्याहून वेगळे उभे राहते ते केडगाव. पंडिता रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकातून जाणला नव्हता. १८७०च्या दशकात दक्षिणेत भटकत असताना वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण यांचे मृत्यू त्यांनी पाहिले होते. १८९३मध्ये ‘शारदा सदना’तील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. चारच वर्षांनी रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. १९००मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या. ‘मुक्ती’तील संख्या दीड हजारांपर्यंत गेली. १८९३मधील प्रत्येक मुलगी कोणाची तरी लेक, कोणाची तरी विधवा सून होती. समाजाला तिचे नाव-गाव ठाऊक होते. दुष्काळातून आलेल्या या मुली कोणाच्याच नव्हत्या. आपला समाज धर्मांतराला भितो की विशिष्ट घरांतल्या धर्मांतराला, हा प्रश्न या दोन तारखांमधून आपोआप उभा राहतो.

केडगावला शेती होती, विहिरी होत्या, माग, तेलाचा घाणा, छापखाना होता. आणि रमाबाई सरकारच्या मिंध्या नव्हत्या. १८९७मध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली. चर्च म्हणजे साम्राज्याचा हात, हे सूत्र या पत्रापाशी अडखळते.

तरीही ‘पोटासाठी बाटले’ हा आक्षेप टाळता येत नाही. तो खुद्द मिशनऱ्यांनाही टोचत होता. तेलुगू प्रदेशातील ओंगोलचे बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाव यांनी १८७६-७८च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे कंत्राट घेऊन मादिगांना काम दिले. मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणे त्यांनी थांबवले. दुष्काळ सरल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. धान्य थांबल्यानंतर आलेल्या या माणसांना केवळ भुकेने आणले असे म्हणता येत नाही. ज्या माणसाने वेठीऐवजी मजुरी दिली, त्याच्या देवाविषयी त्यांना कुतूहल वाटले असेल. प्रौढांपुरते हे उत्तर पुरते. अनाथ मुलांच्या बाबतीत ते पुरत नाही. सात वर्षांच्या मुलाची संमती कोण देणार? ज्याने जगवले त्यानेच धर्मही ठरवला, आणि या कोड्याला मिशनांजवळ समाधानकारक उत्तर नव्हते.

उत्तर शोधले ते इतरांनी, आणि त्या शोधातूनच आपल्याकडील सेवासंस्था उभ्या राहिल्या. १८७७मध्ये जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला होता. १८९७पासून लाला लजपत राय यांनी आर्य समाजातर्फे हिंदू अनाथांना आश्रय देण्याची चळवळ केली आणि १९०१च्या दुष्काळ आयोगापुढे आपली बाजू मांडली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६मध्ये अस्पृश्यांसाठी संस्था काढली, तेव्हा तिच्या इंग्रजी नावात ‘मिशन’ हाच शब्द घेतला. स्पर्धेतून का होईना, ‘आपल्या’ मुलांची जबाबदारी आपली आहे ही जाणीव जागी झाली.

मिशनांनी त्या मुलांना धर्म दिला हे खरे. पण तो दिला जाण्याआधी एक जागा रिकामी होती, आणि ती दुसऱ्या कोणी बळकावली नव्हती. ती आपणच मोकळी सोडली होती. दुष्काळांच्या इतिहासात मिशनांना जाब विचारताना हा दुसरा जाबही त्याच कागदावर लिहावा लागेल.