प्राचार्यांचे गहाण घर आणि हेलसिंकीचे कांस्यपदक

१/ सन १९५२. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कारण घरचे कार्य नव्हते की आजारपण नव्हते. महाविद्यालयाच्या एका मल्लाला ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायचे होते.

२/ तो मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी. वडील स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलनंतर खाशाबा राजाराम महाविद्यालयात आले आणि आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या गाजवू लागले.

३/ कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रयाची जुनी परंपरा होती. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान तिची साक्ष आजही देते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खाशाबांचा खर्चही कोल्हापूरच्या महाराजांनीच उचलला. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल मॅटवरील अपरिचित नियमांनिशी लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

४/ मात्र त्याच सुमारास संस्थानांचा नकाशा पुसला जात होता. ८ मार्च १९४८ रोजी फलटणसह दक्षिणेतील अनेक संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही. प्रजेला लोकशाही मिळाली. मल्लांच्या पाठीशी उभा असलेला दरबारी खजिना मात्र संपला, आणि त्याची जागा घेणारी शासकीय व्यवस्था अद्याप आकारास आली नव्हती.

५/ ही पोकळी १९५२ मध्ये सामान्य माणसांनी भरून काढली. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी वर्गणी दिली. उरलेला भार प्राचार्यांच्या घराने पेलला.

६/ हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट (५७ किलो) गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी नमवले. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज देऊन ते हरले आणि लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे राहावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण हरकत घेण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशी सुवर्ण, मामेदबेकोव्ह रौप्य आणि खाशाबा कांस्य.

७/ स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्थानकावर १५१ बैलगाड्या स्वागताला उभ्या होत्या. एरवी अगदी थोडक्या वेळाची गोळेश्वरची वाट त्या दिवशी सरता सरेना.

८/ सत्काराचे हार सुकण्याआधीच खाशाबांना गहाण घर आठवले. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले.

९/ १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

१०/ पुढचे वैयक्तिक पदक भारताला लिअँडर पेसने मिळवून दिले, १९९६ मध्ये. मधली ४४ वर्षे या देशात मल्लांची वानवा नव्हती. राजाश्रय गेल्यानंतर खेळाडूचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे १९५२ मधले उत्तर एका शिक्षकाचे घर होते; आणि अशी घरे दर वेळी सापडत नाहीत.