फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनचे छायाचित्रण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ पासून १९४० नंतरच्या युद्धकाळापर्यंत सरकारी खर्चाने झालेले, मुख्यतः ग्रामीण हलाखीचे छायाचित्रण. १९२९ च्या मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होतेच. त्यात, पहिल्या महायुद्धातील गव्हाच्या तेजीपायी दक्षिण मैदानांतील मूळचे गवत नांगरून काढले गेले असल्यामुळे, १९३० नंतर अवर्षणाची वर्षे लागोपाठ येताच उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली, आणि ओक्लाहोमा, टेक्सस आदी मुलखांतील कित्येक कुळे व छोटे खातेदार मजुरीसाठी कॅलिफोर्नियाच्या वाटेस लागले. त्यांच्या पुनर्वसनासाठी व तगाईसाठी १९३५ मध्ये निघालेल्या खात्याला १९३७ मध्ये फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन हे नाव मिळाले.

खात्याचा खर्च काँग्रेसला आणि शहरी करदात्याला पटवून देणे हा छायाचित्र-विभागाचा एक उघड हेतू होता. तो नजरेआड करून या संग्रहाचे मोल ठरविता येत नाही. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर हे अर्थशास्त्राचे अध्यापक. काय टिपावे याची टाचणे ते छायाचित्रकारांना धाडीत आणि नापसंत निगेटिव्हांना भोके पाडून त्या बाद करीत. ही शिस्त वॉकर एव्हान्ससारख्या स्वतंत्र प्रकृतीच्या कलावंताला मानवली नाही. एव्हान्स यांची १९३६ मधील ॲलाबामातील कापूस-बटाईदारांची चित्रे धुळीच्या नव्हे, कर्जाच्या मुलखातील आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहातील सर्वांत संयत तीच होत.

लोकप्रियता मात्र डोरोथिया लँग यांच्या चित्राला लाभली. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याचे पीक गारठून गेल्याने उपासमारीला आलेल्या मजुरांच्या तळावर, मुले बिलगलेल्या एका आईला त्यांनी टिपले; तिचे नाव मात्र विचारले नाही, आणि तंबूच्या खांबाशी दिसणारा अंगठा पुढे निगेटिव्हवरून पुसट करण्यात आला. त्याच वर्षी आर्थर रॉथस्टीन यांनी साउथ डकोटात गुराची वाळकी कवटी थोडी हलवून निरनिराळ्या जागी टिपली, तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधी वृत्तपत्रांनी बनावट पुराव्याचा गिल्ला केला. आक्षेपकांचा हेतू राजकीय होता आणि अवर्षणही खरेच होते. तथापि सरकारी खाते जे चित्र पुरावा म्हणून मांडते, त्यातील वस्तू जागची हलविली की उलटतपासणी ओघानेच आली.

१९४२ मध्ये विभाग युद्धकालीन माहिती-कचेरीकडे वर्ग झाला आणि छायाचित्रकार युद्धोपयोगी कारखान्यांकडे वळले. सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हांचे हे दफ्तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.