कारखान्यातून आलेली किल्ली

आज आपण वळतो ते २०१६ सालाकडे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्विटर उघडेना, नेटफ्लिक्स चालेना. हल्ला झाला होता डिन या कंपनीवर. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणं, हे तिचं काम. पत्ता सांगणाराच गुदमरला, म्हणून साइट शाबूत असूनही सापडेनात. आणि गुदमरवणारे कोण, तर लोकांच्या घरांतले, दुकानांतले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर!

त्यांच्यात शिरलेल्या प्रोग्रामचं नाव मिराई. त्याची करामत ऐकाल तर हसू येईल. तो इंटरनेटभर दारं ठोठावत फिरायचा. टेलनेट नावाचं, दुरून हुकूम सोडण्याचं जुनं दार उघडं दिसलं की साठेक नाव-पासवर्डांच्या यादीतले काही लावून पाहायचा. ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ असले. कारखान्याने ढीगभर यंत्रांना एकच किल्ली दिलेली. कुलूप फोडायचा प्रश्नच नव्हता. यंत्र बंद करून चालू केलं की मिराई पुसला जायचा खरा, पण किल्ली तीच राहिली तर काही मिनिटांत परत हजर.

तेव्हा जो तो सांगायचा, पासवर्ड बदला. सल्ला वाईट नाही, पण आम्हाला तो अर्धवट वाटतो आणि थोडा अन्यायाचाही. कारण त्यातल्या पुष्कळ यंत्रांत मालकाने सेटिंगच्या पानावर बदललेला पासवर्ड त्या पानापुरताच असे. टेलनेटचा पासवर्ड आत फर्मवेअरमध्ये पक्का बसवलेला, तो बदलायची सोयच नव्हती. दार आहे हेच ज्याला माहीत नाही, तो कडी कुठे लावणार? त्याच्या हातात उरत होता राउटर. बाहेरून आत येणाऱ्या वाटा बंद ठेवायच्या. यंत्रांना परस्पर वाट उघडू देणारी यूपीएनपी ही सोय बंद करायची. कॅमेरे नि बल्ब पाहुण्यांच्या वायफायवर ठेवायचे, घरच्या संगणकापासून वेगळे. आजही घरी गेल्यावर एवढं बघाच.

कायद्याला जाग उशिरा आली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून यंत्रागणिक वेगळा पासवर्ड, नाहीतर पहिल्या वापरातच नवा ठरवायला लावणं, असा नियम आला. ब्रिटनमध्ये सरसकट एकच पासवर्ड देण्यावर २९ एप्रिल २०२४ पासून बंदी आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील, हेही उत्पादकाला जाहीर करावं लागतं. मिराईचा मूळ कोड मात्र डिनवरच्या हल्ल्याआधीच, सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस, उघड झाला होता. त्यावरून बेतलेले प्रोग्राम अजूनही तीच दारं ठोठावत असतात.