परवानगी काल होती, आज आहे का?

डोंबिवलीहून रोज ठरलेली जलद लोकल पकडणाऱ्याला फलाट विचारावा लागत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. मग एखाद्या सकाळी अनाउन्समेंट होते की गाडी दुसऱ्या फलाटावर येतेय, आणि कानात इयरफोन घातलेले तिथेच उभे राहतात. मी कोडमध्ये हेच करून बसलो होतो.

साल २०२१. ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नवीन होतो. आमचं अ‍ॅप सिक्युरिटी गार्डांची हजेरी घ्यायचं. गार्डने साइटवर पोचून बटण दाबायचं, अ‍ॅपने लोकेशन घेऊन नोंद करायची. लोकेशनची परवानगी एकदा मिळाली की 'परवानगी आहे' असं मी फोनमधल्या फाइलमध्ये लिहून ठेवायचो आणि पुढे तेवढंच वाचायचो. कल्याणचा एक गार्ड काही महिने गावी राहून परतला. तो रोज बटण दाबत होता, स्क्रीनवर 'धन्यवाद' येत होतं, आणि सर्व्हरवर काहीच पोचत नव्हतं. महिनाअखेरीस चार दिवसांचा पगार कापला गेला. "दादा, मी आलो होतो हो," एवढंच तो सांगू शकत होता. पुरावा आमच्याकडे असायला हवा होता.

कारण सापडलं. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या सिस्टीम स्वतःच काढून घेते. माझ्या फाइलमध्ये मात्र जुनाच होकार होता. नकाराची एरर आली, तीही मी गिळून टाकली होती.

नंतर वाचताना कळलं, हा प्रश्न माझ्या जन्माच्या आसपासचा आहे. १९९९ मध्ये 'फ्लास्क' नावाच्या सुरक्षा रचनेवर एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेची एनएसए आणि यूटा विद्यापीठातले लोक होते. त्यांची कल्पना अशी: नियम ठरवणारा भाग वेगळा, अंमलबजावणी करणारा वेगळा. दर वेळी विचारत बसलं तर वेळ जातो, म्हणून अंमलबजावणी करणाऱ्याने उत्तरं जवळ साठवावीत. पण नियम बदलले तर? तर त्याला तसं कळवायचं, आणि त्याने जुनी उत्तरं टाकून दिल्याची पोच द्यायची.

याच विचारातून एसई-लिनक्स आलं. एनएसएने ते डिसेंबर २००० मध्ये खुलं केलं आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ आवृत्तीत आलं. तिथे पॉलिसी नव्याने लोड झाली की कर्नल सूचना पाठवतो. डी-बससारखे प्रोग्राम ती ऐकतात आणि साठवलेले निर्णय पुसतात. हीच तिथली अनाउन्समेंट.

एसई-लिनक्स २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ मध्ये शिरलं. पण आपण 'अनुमती द्या' म्हणतो तो थर वेगळा आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ आधी अ‍ॅप टाकतानाच सगळ्याला एकदम हो म्हणावं लागे. त्यानंतर एकेक परवानगी देता येऊ लागली, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन परतही घेता येऊ लागली. परत घेतली की इथे अ‍ॅपला निरोप येत नाही. अ‍ॅप चालू असेल तर सिस्टीम सरळ त्याची प्रोसेस बंद करते. म्हणून पुन्हा सुरू झाल्यावर, आणि प्रत्येक वापराआधी, अ‍ॅपनेच विचारायचं असतं.

मी ती फाइल काढून टाकली. आता बटण दाबलं की अ‍ॅप आधी सिस्टीमला विचारतं. नकार आला तर मोठ्या अक्षरांत मराठीत सांगतं: 'लोकेशनची परवानगी नाही, हजेरी लागलेली नाही.' बटण दाबल्याची वेळ तरीही सर्व्हरवर जाते, म्हणजे सुपरवायझरला खात्री करता येते.

गार्डचे चार दिवस पुढच्या पगारात जमा झाले. मधल्या महिन्यात त्याने उसने घेऊन भागवलं, हे मला नंतर कळलं.