हानिरहित ध्वनिसंकोचन व पोस्ट-पंक ध्वनिमुद्रिका
अंकीय ध्वनिमुद्रणातील कोणतीही माहिती न गमावता त्याचे आकारमान कमी करण्याची पद्धती. ‘एमपी-३’ या पद्धतीत कानास सहसा न जाणवणारा अंश कायमचा वगळला जातो. २००१ मध्ये प्रसृत झालेल्या ‘फ्लॅक’ पद्धतीत मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. जॉय डिव्हिजन या इंग्लिश वादकसमूहाच्या ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) या ध्वनिमुद्रिकेत निर्माता मार्टिन हॅनेट याने प्रतिध्वनी व वाद्यांमधील रिक्त अवकाश यांना विशेष स्थान दिले. त्यामुळे विरत जाणारे क्षीण नाद येथे महत्त्वाचे ठरतात. २०२१ मध्ये ॲपल म्यूझिक ही प्रवाहसेवाही हानिरहित ध्वनी पुरवू लागल्याने माध्यमातील भेद गौण झाला. तथापि मूळ फितीवरून केलेली प्रत सदोष असल्यास तो दोषही तितक्याच निष्ठेने जतन होतो. म्हणून प्रतीची निवड हीच जतनाची खरी कसोटी होय.